नाल्याला पाणी कुठून आलं, हे आधी शोधा
बालाघाट जिल्ह्यातल्या नदी-नाल्याकाठच्या शेतकऱ्यांसाठी

पावसाळा मध्यावर आला की वारासिवनी, खैरलांजी, किरनापूर, लांजी भागातले वाचक तेच तीन प्रश्न पुन्हा विचारतात. आमच्याकडे दोन दिवस पाऊस नाही, तरी नाला चढला कसा? धरण ऐंशी टक्के भरलं असं सांगतात, मग आमच्या नाल्यात टिपूस का नाही? आणि धरणाची दारं उघडल्यामुळे बांधीतलं धान बुडालं, तर भरपाई कोणाकडे मागायची?

तिन्ही प्रश्नांत दोष धरणाला दिलेला असतो, पण उत्तरं तीन आहेत. नाला बरोबर ओळखला नाही तर अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो, तिथून दुसरीकडे पाठवला जातो आणि तोवर पंचनाम्याची वेळ निघून जाते. म्हणून सुरुवात नाल्यापासून करू.

तुमचा नाला यांपैकी कोणता?

१. वर तलाव किंवा धरण असलेला नाला. गावतलावाचा, मालगुजारी तलावाचा किंवा गांगुलपारासारख्या जलाशयाचा सांडवा ज्या नाल्यात उतरतो तो. इथे तलावाची पातळी हीच मुख्य गोष्ट.

२. मोठ्या नदीला मिळणारा नाला. वैनगंगा, बाघ किंवा बावनथडीच्या काठापासून थोड्याच अंतरावर तुमची शेती असेल, तर नाल्याच्या वर धरण नसतानाही तुम्ही धरणाच्या तावडीत असता. कारण नदी चढली की नाल्याचं तोंड बंद होतं.

३. नहरीच्या पाण्यावर जगणारा नाला. ढुटी बंधाऱ्यावरून निघालेल्या वैनगंगा नहरीच्या पट्ट्यात आणि बाघ व बावनथडी प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात असे नाले पुष्कळ आहेत. नहरीतून झिरपलेलं आणि बांध्यांतून उतरलेलं पाणी त्यांना मिळतं.

४. मोकळा नाला. बैहर, परसवाडा भागातल्या जंगलातून थेट उतरणारा. इथे धरणाचा संबंध नसतो. दोन तासांचा मुसळधार पाऊस एवढंच कारण.

खात्री करायची असेल तर एप्रिल-मे महिन्यात नाल्याच्या पात्रातून वरपर्यंत चालत जा. कोणत्या तलावाचा सांडवा येतो, कुठे नहर ओलांडते, कुठे कोणी बांध घालून पात्र वळवलं आहे, हे सगळं कोरड्या पात्रात दिसतं. सोबत पटवाऱ्याकडून गावनकाशाची नक्कल घ्या. नकाशात नाला जिथे दाखवला आहे आणि आज जिथे वाहतो आहे त्यात फरक आढळला, तर तो फरकच पुढे तुमच्या तक्रारीचा पाया ठरू शकतो.

तलावाची पातळी वाढली की नाल्यात नेमकं किती पाणी येतं?

सांडव्याच्या माथ्याखाली पाणी असेपर्यंत तलाव वरून येणारं सगळं पाणी पोटात घेतो आणि खालचा नाला कोरडा राहतो. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या लोकांना काही जाणवत नाही ते यामुळे. तोच पाऊस ऑगस्टच्या अखेरीला भरलेल्या तलावावर पडला, तर जितकं पाणी आत येतं तितकं थोड्याच वेळात सांडव्यावरून बाहेर पडतं. पाऊस सारखा, नाला मात्र वेगळा वागतो.

सांडव्यावरचा थर दुप्पट झाला की पाणीही दुप्पट होईल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. तो चुकीचा आहे. थर दुप्पट झाला की पाणी पावणेतीन पटीहून जास्त होतं, आणि थर चौपट झाला की आठपट. समजा सांडवा २० मीटर रुंद आहे. त्यावरून २५ सेंटिमीटरचा थर जात असेल, तर नाल्यात साधारण १५० क्युसेक पाणी उतरतं. थर ५० सेंटिमीटर झाला की तेच ४०० क्युसेकच्या वर जातं. सकाळी घोट्यापर्यंत पाणी असलेला रपटा दुपारी ओलांडता येत नाही, त्याचं कारण हे आहे. म्हणून सांडव्याच्या भिंतीवर रंगानं दर दहा सेंटिमीटरला एक खूण करून घ्या. ग्रामपंचायतीला हा खर्च जड नाही, आणि पाळीवरून फोन करणाऱ्या माणसाला "पाणी वाढलं" याऐवजी "तिसरी खूण बुडाली" असं सांगता येतं.

दारं असलेल्या मोठ्या धरणाचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे दार किती उघडलं यावर पाणी ठरतं, आणि दार केव्हा उघडायचं हे पावसाळ्याच्या वेळापत्रकावर. जुलै-ऑगस्टमध्ये पुढच्या पुरासाठी जागा राहावी म्हणून जलाशय मुद्दाम पूर्ण भरू देत नाहीत. "अजून भरलं नाही आणि पाणी सोडतात" ही तक्रार नेहमी येते. पण वेळेवर थोडं सोडलेलं पाणी खालच्या गावांना परवडतं. काठोकाठ भरलेल्या धरणातून एकदम सोडलेलं पाणी परवडत नाही. तुमचा आक्षेप खरोखर असेल, तर तो सोडण्यावर नसावा. उशिरा आणि न कळवता सोडण्यावर असावा.

टक्क्यांबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. जलाशय वर रुंद होत जातो, त्यामुळे वरच्या एका मीटरमध्ये खालच्या एका मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं. उंचीनं निम्मं भरलेलं धरण पाण्यानं निम्मं भरलेलं नसतं. शिवाय नहरीच्या तोंडाच्या खाली राहिलेलं पाणी नहरीला मिळतच नाही. "धरणात पाणी दिसतं, मग नहर का सोडत नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इतकंच असतं.

पाऊस नाही, तरी नाला का चढतो?

याला फुगवटा म्हणतात. बालाघाटच्या धानपट्ट्यात जास्त नुकसान यानंच होतं, असं माझं मत आहे.

वैनगंगेवरचं संजय सरोवर, म्हणजे भीमगड धरण, सिवनी जिल्ह्यात छपाऱ्याजवळ आहे. तिथून निघालेलं पाणी केवलारीवरून येतं, वाटेत थांवर नदी मिळते, आणि मग नदी बालाघाट जिल्ह्यात दक्षिणेकडे वळते. तुमच्या गावावर निरभ्र आकाश असतानाही सिवनी-मंडल्यातला कालचा पाऊस आज तुमच्या दारात येतो. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाल्याचं स्वतःचं पाणी बाहेर पडू शकत नाही. मग ते मागे सरकत बांध्यांत पसरतं.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. वरच्या भागात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराची दारं उघडली, आणि बालाघाट, गोंदिया, भंडारा ते थेट गडचिरोलीपर्यंत वैनगंगेच्या काठाला पुरानं वेढलं. भंडारा शहरात वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. दोन राज्यांमधल्या संदेशवहनाचा प्रश्न त्या वेळी चव्हाट्यावर आला.

फुगवटा आहे की वरून आलेला पूर, हे ओळखायला यंत्र लागत नाही. तणसाची एक मूठ नाल्याच्या मध्यभागी टाका. तणस नदीकडे वेगानं गेलं तर पाणी वरून येतंय. जागीच घुटमळलं किंवा उलटं गावाकडे सरकलं, तर तो नदीचा फुगवटा. मोबाइलवर याचं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण करा, त्यात मागे ओळखू येईल असं झाड, पूल किंवा देऊळ येऊ द्या. पंचनाम्याच्या वेळी "तुमच्याच गावतलावाचं पाणी होतं" असं कोणी म्हणालं, तर हे चित्रीकरण उपयोगी पडतं.

अशा नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी जवळच्या तलावाकडे नव्हे, नदीच्या पातळीकडे लक्ष ठेवावं. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं जिल्ह्यात आहेत; बाघेवर राजेगाव आणि वैनगंगेवर कुम्हारी ही त्यांपैकी दोन. आयोगाच्या पूर अंदाज संकेतस्थळावर पावसाळ्यात नद्यांच्या पातळ्या दिल्या जातात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "गोसीखुर्द भरलं की बालाघाट बुडतं" असं ऐकू येतं. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर आहे आणि बालाघाट शहर त्याहून सुमारे ४० मीटर उंच आहे. त्या जलाशयाचा फुगवटा इथवर येऊ शकत नाही. भंडारा परिसरातल्या नाल्यांची गोष्ट अर्थातच निराळी. खैरलांजी तहसीलमधल्या काठाच्या गावांनी मात्र पलीकडच्या तिरोडा तालुक्यातल्या धापेवाडा बॅरेजची चौकशी जरूर करावी. बॅरेजची दारं लावून पाणी अडवलं जातं तेव्हा नदीची पातळी पाऊस नसतानाही वर राहते, आणि सखल बांध्यांतलं पाणी उतरायला वेळ लागतो.

पाणी सोडल्याचा निरोप आला, आता?

निरोपात आकडा क्युसेकमध्ये आहे की क्युमेकमध्ये, हे आधी पाहा. १ क्युमेक म्हणजे सेकंदाला १००० लिटर, आणि त्याचे ३५.३ क्युसेक होतात. १००० क्युमेक आणि १००० क्युसेक यांत पस्तीसपटीचा फरक आहे. पुढे पाठवत आलेल्या संदेशांत हे एकक हमखास गळतं. एकक नसलेला आकडा कोणालाही पुढे पाठवू नका.

पाणी तुमच्यापर्यंत किती तासांत येईल, याचं उत्तर गावागणिक वेगळं असतं. नदी आधीच भरून वाहत असेल तर लवकर येतं, पात्र रिकामं असेल तर उशिरा. त्यामुळे वहीत तीन गोष्टी टिपा: पाणी सोडल्याची वेळ, किती सोडलं, आणि तुमच्या रपट्यावर पाणी चढायला लागल्याची वेळ. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की तुमच्या गावाचा हिशेब तुमच्या हाती येतो.

तोवर एवढं करा:

- मोटर, पाइप, खताच्या गोण्या निरोप येताच उंचावर न्या. रात्रीच्या निरोपाला सकाळपर्यंत थांबू नका.
- वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी उतरण्याच्या वाटा मोकळ्या करा. धुरा फुटण्यापेक्षा आपण ठरवलेल्या जागी पाणी काढलेलं बरं.
- रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकल घालू नका. गुडघ्याखालचं वाहतं पाणीही गाडी ओढून नेतं, आणि खालचा रस्ता खचला आहे का ते दिसत नाही.
- धान बुडालेलं असताना युरिया फेकू नका. पाणी उतरून रोपांना नवं पान दिसू लागल्यावर द्या.

ज्यांची शेती दर एक-दोन वर्षांनी बुडते, त्यांनी वाणाचाही विचार करावा. स्वर्णा सब-१ हे धान २००९ मध्ये प्रसारित झालं. पूर्ण पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरण्याची क्षमता त्यात आहे. फुगवट्यात पाणी आठवडाभर हलत नाही अशा सखल बांध्यांसाठी मी तेच सुचवीन. तीन महिने दलदल राहणाऱ्या जागेला मात्र त्याचा उपयोग नाही.

सांडव्याशी खेळू नका

हे वेगळं सांगावं लागतं, कारण दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. तलावात जास्त पाणी राहावं म्हणून सांडव्यावर रेतीच्या पोत्यांची रांग लावतात. मासळीचा ठेका असेल तिथे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला बारीक जाळी बांधतात, आणि पालापाचोळ्यानं ती गच्च होते. दोन्हींचा परिणाम एकच: पाणी सांडव्यावरून न जाता मातीच्या पाळीवर चढतं. दगडी बंधारा पाणी वरून गेलं तरी टिकू शकतो, मातीची पाळ टिकत नाही. एकदा ती कापली गेली की पूर्ण तलाव काही तासांत नाल्यात येतो. पोती किंवा जाळी दिसली तर सरपंच आणि जल संसाधन विभागाच्या उपयंत्री यांना त्याच दिवशी लेखी कळवा, आणि पोच घ्या. आपलं शेत वाचवायला स्वतः पाळ कापणं हाही गुन्हा आहे, आणि खालच्या गावाच्या जिवावर बेतणारा आहे.

उन्हाळ्यात नाला आटला तर

नहरीवर जगणारा नाला नहर बंद झाल्यावर काही दिवसांत आटतो, आणि काठच्या विहिरींचं पाणीही खाली जातं. यात चोरी किंवा अन्याय असेलच असं नाही. झिरपणारं पाणी हे नहरीचं गळतं पाणी आहे, त्यावर हक्क सांगता येत नाही. नहरीला अस्तर लागलं की हा नाला कायमचा रोडावतो. तुमच्या भागात अस्तरीकरण झालं असेल तर उन्हाळी धानाचा बेत नाल्याच्या भरवशावर करू नका.

तलाव असलेल्या नाल्यात मात्र तुडूम उघडून निस्तारासाठी पाणी सोडण्याची मागणी करता येते. जुन्या वहिवाटी कागदावर आहेत. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये सिंचनाच्या आणि वाटेच्या रूढी नोंदवलेल्या असतात, आणि निस्तार पत्रकात गावाच्या सामाईक वापराच्या बाबी. तहसीलमधून दोन्हींच्या नकला काढा. बंदोबस्ताच्या काळातल्या या नोंदी पुष्कळांनी कधी पाहिलेल्याच नाहीत.

नुकसान झाल्यावर

दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी धरायच्या आहेत.

पहिली, सरकारी मदत. मध्यप्रदेशात ती राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार मिळते. पीक नुकसान २५ टक्क्यांच्या आत असेल तर मदत नाही. त्यापुढे २५ ते ३३, ३३ ते ५० आणि ५० टक्क्यांहून जास्त असे टप्पे आहेत, त्यामुळे पंचनाम्यात टक्का कोणता लिहिला जातो हे पाहणं तुमच्या हिताचं आहे. पटवारी येईल त्या दिवशी शेतात हजर राहा, खसरा क्रमांक आणि रकबा बरोबर लिहिला आहे का ते वाचा, मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पाणी उतरल्यावर बांधीत रेती बसली असेल तर तीही मोजून घ्या. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत ३ इंचांपेक्षा जास्त थर साचला असेल तर तो काढण्यासाठी स्वतंत्र मदतीची तरतूद आहे.

दुसरी, प्रधानमंत्री फसल विमा योजना. स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. १४४४७ वर फोन करा किंवा पीक विमा अ‍ॅपवर नोंदवा, आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. धानासाठी इथे एक अडचण होती: बांधीत पाणी साचण्याची जोखीम २०१८ मध्ये धानाच्या बाबतीत स्थानिक आपत्तीतून वगळली गेली होती. ती २०२६ च्या खरिपापासून पुन्हा आत घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. हप्ता भरताना बँकेत किंवा सेवा केंद्रात याची विचारणा करा.

पलीकडे गोंदिया-भंडाऱ्यात तुमची जमीन असेल तर तिथला अर्ज वेगळा. तिथे सातबारा आणि तलाठ्याचा पंचनामा लागतो. एका राज्यातला पंचनामा दुसऱ्या राज्यात चालत नाही.

कोणाकडे काय मागायचं

- शेजाऱ्यानं नाला अडवला किंवा वहिवाटीची पाण्याची वाट बंद केली: मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १३१ खाली तहसीलदाराकडे अर्ज. तहसीलदार जागेवर चौकशी करून जुन्या रूढीनुसार निर्णय देतो.
- सरकारी नाल्याच्या पात्रावर अतिक्रमण: त्याच संहितेचं कलम २४८, तहसीलदाराकडेच.
- खालच्या शेतकऱ्यानं बांध घालून वरचं पाणी तुंबवलं: भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ७ नुसार वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी खाली नैसर्गिकरीत्या उतरू द्यावं लागतं. हा कायदा सुरुवातीपासून मध्य प्रांतात लागू होता, म्हणजे बालाघाटलाही. पण हा दिवाणी दावा होतो. आधी कलम १३१ वापरून पाहा.
- धरणातून पाणी सोडण्याची पूर्वसूचना मिळाली नाही: जिल्हाधिकाऱ्यांना लेखी, आणि १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार. धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार मोठ्या धरणांसाठी पूर इशारा यंत्रणा आणि आपत्कालीन कृती आराखडा ही धरणमालकाची जबाबदारी आहे. अर्जात त्या कायद्याचं नाव घ्या.
- दारं केव्हा आणि किती उघडली याची नोंद हवी: माहिती अधिकारात जल संसाधन विभागाकडे अर्ज, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. तारीख, वेळ, जलाशयाची पातळी, आवक आणि सोडलेलं पाणी यांचा तासवार तक्ता मागा.

बावनथडी आणि बाघ हे दोन्ही राज्यांचे सामाईक प्रकल्प आहेत. बावनथडीचं धरण, म्हणजे राजीव सागर, बालाघाट जिल्ह्यात कुडव्याला आहे, तर बाघ प्रकल्पाचं सिरपूर धरण महाराष्ट्रात देवरी तालुक्यात. म्हणून किरनापूर-लांजीकडच्या शेतकऱ्यांनी अर्जाची एक प्रत गोंदियाच्या पाटबंधारे विभागालाही द्यावी.

अर्ज हिंदीत लिहा. घरात आपण मराठी-पोवारी बोलत असलो तरी बालाघाटच्या कचेऱ्यांचं कामकाज हिंदीत चालतं, आणि समजला नाही म्हणून अर्ज पडून राहणं आपल्याला परवडणारं नाही. एका अर्जात एकच मागणी ठेवा.

नहरीच्या पाण्याबद्दल म्हणणं मांडायचं असेल तर ते जल उपभोक्ता संथेमार्फत मांडा. १९९९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या या संथेत लाभक्षेत्रातला खातेदार म्हणून तुम्हाला मत आहे. रबी आणि उन्हाळी हंगामाला किती पाणी सोडायचं याचा विचार पावसाळा संपला की जिल्हा जल उपयोगिता समितीत होतो, आणि समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमच्या संथेचा ठराव त्या बैठकीआधी पोचला पाहिजे. नाल्याच्या नोंदींची वही सोबत जोडा आणि सप्टेंबरमध्येच ठराव करून घ्या.